दर्यावर्दी मठाधिपति संत ब्रेंडन



आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या शुभ वर्षीं कोणत्या संताचें चरित्र आपणांपुढें ठेवावें, याचा विचार करीत असतां माझी दृष्टि सहजच आपल्या बंदराकडे वळली. आपल्यापैकीं कित्येकांचे वाडवडील दर्यावर वाढले आणि दर्यावरच त्यांनीं आपलीं कुटुंबें पोसलीं. नवी होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं तिला धर्मगुरूंचा आशीर्वाद घेण्याची चाल आपल्या किनाऱ्यावर अजून आहे. तुफानाच्या रात्रीं होडी परत येईपर्यंत हातांत जपमाळ घेऊन जाग्या राहणाऱ्या माताभगिनीहि आपल्यांत आहेत. अशा लोकांना होडी बांधणाऱ्या, वादळांत सांपडलेल्या आणि रिकाम्या हातांनीं परत येऊन पुन्हां नव्यानें तारूं उभारणाऱ्या एका संताची ओळख असावी, हें योग्यच होय. हे संत म्हणजे आयर्लंड बेटावरील मठाधिपति ब्रेंडन. त्यांचा सण १६ मे रोजीं येतो आणि नाविक लोक त्यांना आपले आश्रयदाते मानतात.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. संत ब्रेंडन ह्यांना स्वर्गवासी होऊन चौदाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांचीं जीं चरित्रें आज मिळतात, तीं त्यांच्या मागून पुष्कळ काळानें मठवासी लोकांनीं लिहिलेलीं आहेत. त्यांत इतिहास आणि भक्तिभावानें रचलेली कथा ह्यांची वीण एकत्र पडली आहे. म्हणून इतिहास तेवढा इतिहास म्हणून आणि परंपरा ती परंपरा म्हणून मी सांगणार आहें. सत्याला भिण्याचें ख्रिस्तसभेला कारण नाहीं.

जन्म आणि शिक्षण

आयर्लंड हें युरोपच्या पश्चिमेस अॅटलांटिक महासागरांत वसलेलें बेट. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत केरी नांवाचा प्रांत आहे. तेथें ट्रॅली गांवानजीक समुद्रकांठीं, इ. स. ४८४ च्या सुमारास ब्रेंडन ह्यांचा जन्म झाला, असें परंपरा सांगते. वडिलांचें नांव फिनलुग व आईचें कारा. संत पॅट्रिक ह्यांनीं त्या बेटावर शुभवर्तमानाचें बीज पेरल्यास तेव्हां फार काळ झाला नव्हता. पीक कोंवळें होतें, पण जोमदार होतें. एर्क नांवाच्या बिशपांनीं बाळाला बाप्तिस्मा दिला.

मूल लहान असतांच दुसऱ्या घरीं वाढविण्यास द्यावें, असा त्या काळीं आयरिश लोकांचा रिवाज होता. त्याप्रमाणें ब्रेंडन ह्यांना किलीडी येथील मठाच्या अध्यक्षा संत ईटा ह्यांच्या स्वाधीन करण्यांत आलें. तेथें ते पांच वर्षें राहिले. संत ईटा ह्यांना आयरिश लोक आपल्या संतांची पालक-माता म्हणतात. ह्या साध्वीचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण ब्रेंडन ह्यांच्या आयुष्यांत जेव्हां जेव्हां कठीण प्रसंग आला, तेव्हां तेव्हां ते पुन्हां ह्याच मातेच्या दारीं गेले.

पुढें बिशप एर्क ह्यांनीं त्यांना विद्या शिकविली. संत जार्लथ ह्यांच्या सहवासांतहि ते कांहीं काळ होते. इ. स. ५१२ च्या सुमारास त्यांना गुरुदीक्षा मिळाली. लवकरच शिष्य जमले व लहान लहान मठ उभे राहिले. येथपर्यंतचा मार्ग त्या काळच्या इतर आयरिश मठवासीयांप्रमाणेंच आहे. पुढचा मार्ग मात्र पाण्यावरून गेला.

मठवासी दर्यावर कां गेले?

हे मठवासी लोक समुद्रावर कशाकरितां जात, असा प्रश्न कोणालाहि पडेल. व्यापार त्यांना करावयाचा नव्हता आणि राज्य तर मुळींच मिळवावयाचें नव्हतें. मिसर देशांतील जुने तपस्वी एकांतासाठीं वाळवंटांत जात असत. आयर्लंडांत वाळवंट नाहीं. म्हणून तेथील तपस्व्यांनीं महासागरालाच वाळवंट केलें. ख्रिस्तासाठीं रक्त सांडणें हें लाल हौतात्म्य होय. आणि ख्रिस्तासाठीं घर, आप्त व मायभूमि सोडून परदेशीं जाणें हें पांढरें हौतात्म्य होय, अशी त्यांची शिकवण होती.

ही नुसती कल्पना नव्हे. डिकुइल नांवाच्या आयरिश मठवासी पंडितानें इ. स. ८२५ मध्यें लिहिलेल्या ग्रंथांत नमूद केलें आहे कीं, आयर्लंडांतून निघालेले एकांतवासी दूर उत्तरेकडील, मेंढ्यांनीं भरलेल्या बेटांवर जवळजवळ शंभर वर्षें राहत होते. आणि सुमारें तीस वर्षांपूर्वीं कांहीं धर्मगुरु त्याहूनहि पलीकडे, जेथें उन्हाळ्यांत रात्रीं काळोख होत नाहीं अशा बेटावर राहून आले होते. हें दुसरें बेट म्हणजे आजचें आइसलंड, असें विद्वान समजतात. नॉर्वेकडील लोक तेथें वस्तीला गेले, तेव्हां त्यांना आयरिश मठवासीयांनीं मागें ठेवलेलीं पुस्तकें, घंटा व दंड सांपडल्याचें त्यांच्याच जुन्या इतिहासांत लिहिलेलें आहे.

होडीची बांधणी

ब्रेंडन ह्यांच्या प्रवासाची कथा सांगणारे मुख्य ग्रंथ दोन. एक त्यांचें जुनें चरित्र. दुसरा त्यांच्या समुद्रपर्यटनाचें लॅटिन वर्णन. हा दुसरा ग्रंथ मध्ययुगांत इतका लोकप्रिय झाला कीं, त्याच्या शंभराहून अधिक हस्तलिखित प्रति आजहि शिल्लक आहेत.

ह्या पर्यटनग्रंथाप्रमाणें, बॅरिंड नांवाचा एक साधु मठांत आला आणि समुद्रापलीकडे देवानें आपल्या संतांसाठीं राखून ठेविलेली एक भूमि आहे, असें त्यानें सांगितलें. ब्रेंडन ह्यांनीं चौदा बंधु निवडले व आपला मनोदय त्यांना कळविला. मग सर्वांनीं चाळीस दिवस उपवास केला आणि आरान बेटावरील संत एंडा ह्यांचा आशीर्वाद घेतला. येवढें झाल्यावरच हत्यारें हातीं घेतलीं. ज्या डोंगराच्या पायथ्याशीं हें काम झालें, तो सुमारें ३,१०० फूट उंचीचा डोंगर आजहि ब्रेंडन ह्यांच्याच नांवानें ओळखला जातो व भाविक लोक त्याची यात्रा करितात.

होडीची रीत त्या ग्रंथांत एखाद्या सुताराला शोभेल अशी सांगितली आहे. प्रथम लांकडाच्या हलक्या कांबींचा सांगाडा उभा केला. त्यावर ओक वृक्षाच्या सालींत मुरवून कमाविलेलीं बैलांचीं कातडीं ताणून बसविलीं. कातड्यांच्या जोडांवर बाहेरून चरबी चोपडली. मधोमध डोलकाठी रोवली. शीड व सुकाणूं जोडलें. आंत चाळीस दिवसांचा शिधा भरला. शिवाय आणखी दोन होड्या मढवितां येतील इतकीं कातडीं आणि तीं मऊ ठेवण्यापुरती चरबीहि घेतली. देवावर भरंवसा ठेवून निघालेला हा माणूस डागडुजीचें सामान घेण्यास विसरला नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. श्रद्धा म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

कातड्याची होडी ऐकून कोणी हंसूं नये. आपल्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरहि पूर्वीं लोखंडी खिळ्यांऐवजीं काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवून तारवें बांधीत असत, आणि तीं तारवें अरबस्तानापर्यंत जात. शिवलेली होडी लाटेबरोबर थोडी वांकते, म्हणून ती सहजासहजीं फुटत नाहीं.

दर्यावरील वर्षें

पहिले पंधरा दिवस वारा अनुकूल होता. मग तो एकाएकीं पडला. बंधूंनीं वल्हीं धरलीं आणि अंगांत त्राण उरेपर्यंत वल्हविलें. तेव्हां ब्रेंडन ह्यांनीं त्यांना वल्हीं आंत घेण्यास व सुकाणूं सोडण्यास सांगितलें. शीड मात्र उभारलेलें ठेवावें, कारण आपला खलाशीहि देव आहे आणि तांडेलहि देवच आहे, अशी त्यांची समजूत घातली. आधीं शक्ति होती तोंवर त्यांनीं त्यांना वल्हवूं दिलें, हेंहि वाचकांनीं पाहावें.

त्यानंतरचीं सात वर्षें ते बेटामागून बेट फिरत राहिले. दोन-दोन, तीन-तीन दिवसांनीं एकदां जेवावें, असा त्यांचा नेम होता. एका बेटावर धिप्पाड मेंढ्यांचे कळप होते. दुसऱ्यावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे प्रार्थनेच्या ठराविक वेळीं देवाचें स्तोत्र गात. आणखी एका ओसाड बेटावर बंधूंनीं चूल पेटविली, तों बेटच हालूं लागलें. कारण तें बेट नसून प्रचंड देवमासा होता! बंधु भयानें होडीकडे धांवले. ब्रेंडन ह्यांना हें आधींच ठाऊक होतें, म्हणून ते होडींतून उतरलेच नव्हते. त्यांनीं हात देऊन एकेकाला वर ओढून घेतलें. आपल्या गांवांतील मुलांना ही कथा फार आवडते.

परंतु मुलांच्या कथेखालीं मोठ्यांसाठीं एक खोल गोष्ट आहे. ह्या प्रवासाला पंचांग आहे, आणि तें ख्रिस्तसभेचें आहे. प्रतिवर्षीं पवित्र गुरुवार मेंढ्यांच्या बेटावर, ईस्टरची जागरणाची रात्र देवमाशाच्या पाठीवर, ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचा काळ पक्ष्यांच्या बेटावर आणि नाताळ संत एल्बे ह्यांच्या मठवासीयांबरोबर, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. भोंवतालीं सर्व अनोळखी, पण मिस्सा तीच, सण तेच, स्तोत्रें तींच. ज्या होडींत प्रार्थनेचा नेम मोडत नाहीं, ती होडी वाट चुकली तरी हरवत नाहीं.

पुढें समुद्रांत उभा असलेला स्फटिकाचा उंच खांब त्यांना दिसला, असें ग्रंथ सांगतो. तो हिमनग असावा. एका बेटावरून जळते गोळे त्यांच्या होडीवर फेंकण्यांत आले. तो ज्वालामुखी असावा, असा तर्क आहे. एका खडकावर लाटांचे तडाखे खात बसलेला यहूदा इस्कार्योत त्यांना दिसला आणि ब्रेंडन ह्यांना त्याचीहि दया आली, असेंहि कथाकार म्हणतो. शेवटीं दाट धुक्यांतून पार झाल्यावर ती वचनदत्त भूमि त्यांच्या दृष्टीस पडली. चाळीस दिवस ते तिच्यांतून फिरले. मग एका तेजस्वी तरुणानें त्यांना नदीपाशीं अडविलें व स्वदेशीं परत जाण्यास सांगितलें. ते निमूटपणें परतले.

फसलेला प्रवास

जुन्या चरित्रांत मात्र ही कथा थोडी निराळी आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. त्याप्रमाणें ब्रेंडन ह्यांचा पहिला प्रवास फसला. कातड्यांनीं मढविलेल्या तीन होड्या आणि प्रत्येकींत तीस माणसें घेऊन ते निघाले. पांच वर्षें समुद्र धुंडाळला. पण ती भूमि कांहीं सांपडली नाहीं. पांच वर्षांचे कष्ट, लोकांच्या आशा, वाट पाहणारे आप्त, आणि हातीं कांहींच नाहीं! आपल्यापैकीं ज्यानें ऐन हंगामांत होडी रिकामी आणली असेल, त्याला ह्या परत येण्याचा भार सांगावा लागत नाहीं.

ब्रेंडन संत ईटा ह्यांच्याकडे गेले. त्या मातेनें त्यांचें सांत्वन करण्याआधीं त्यांची चूक दाखविली. मेलेल्या जनावरांच्या कातड्यांवर बसून ती पवित्र भूमि मिळावयाची नाहीं. लांकडाचें गलबत बांधावें, असें तिनें सांगितलें. ह्या वेळीं ब्रेंडन स्वतः अनेकांचे गुरु होते. तरीहि त्यांनीं तिचें म्हणणें मान्य केलें, कॉनॉट प्रांतांत जाऊन कुशल कारागीर मिळविले, आणि आरंभापासून सर्व काम पुन्हां केलें. कारागिरांनीं मजुरी म्हणून येवढेंच मागितलें कीं आम्हांलाहि बरोबर न्यावें. ह्या दुसऱ्या गलबतानें त्यांना इष्ट स्थळीं पोंचविलें, असें चरित्रकार म्हणतो.

ब्रेंडन अमेरिकेपर्यंत गेले होते काय? निश्चयानें कोणींहि सांगूं शकत नाहीं. पण तशी होडी तेथवर जाऊं शकते, हें मात्र सिद्ध झालें आहे. टिम सेव्हरिन ह्या इंग्रज प्रवाशानें जुन्या वर्णनाप्रमाणें ४९ बैलांचीं कातडीं शिवून ३६ फूट लांबीची होडी तयार केली. १७ मे १९७६ रोजीं ती केरीच्या किनाऱ्यावरून निघाली, आइसलंडांत हिंवाळा काढला आणि २६ जून १९७७ रोजीं उत्तर अमेरिकेजवळील न्यूफाउंडलंडला पोंचली. वाटेंत बर्फाच्या धारेनें होडीला भोंक पडलें; तेव्हां खलाशांनीं गोठविणाऱ्या पाण्यांत हात घालून कातड्याचें ठिगळ शिवलें. डागडुजीचें कातडें बरोबर घेण्याची ब्रेंडन ह्यांची दूरदृष्टि चौदा शतकांनंतरहि उपयोगी पडली, असेंच म्हटलें पाहिजे.

एक कठोर शब्द

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती गौरवाची नाहीं. परंतु जुन्या चरित्रकारांनीं ती लपविली नाहीं, म्हणून मींहि लपवूं नये.

ब्रेंडन ह्यांचें नांव सर्वत्र झाल्यानंतरची ही गोष्ट. एका बेटाच्या किनाऱ्याशीं होडी राखण्यास त्यांनीं एका तरुण शिष्याला ठेविलें होतें. भरती वाढूं लागली. त्या तरुणाचा भाऊ ब्रेंडन ह्यांच्याकडे आला आणि आपला भाऊ बुडेल अशी काळजी त्यानें बोलून दाखविली. ब्रेंडन ह्यांना राग आला. त्याच्याबद्दल माझ्यापेक्षां तुलाच अधिक माया आहे कीं काय, इतकें वाटत असेल तर जा व त्याच्या जागीं तूंच मर, अशा अर्थाचे कठोर शब्द त्यांच्या तोंडून गेले. तो मुलगा गेला. होडीजवळचा भाऊ वांचला. भावासाठीं धांवून गेलेला बुडाला.

ज्यांनीं सात वर्षें समुद्रावर आपलीं माणसें सांभाळलीं, त्यांच्याच एका शब्दानें किनाऱ्यावर एक जीव गेला. ब्रेंडन ह्यांनीं ह्या दुःखावर कोणतें पांघरूण घातलें नाहीं. त्यांनीं साधुजनांचा सल्ला विचारला आणि अखेर पुन्हां संत ईटा ह्यांच्या दारीं गेले. तिनें त्यांना देश सोडून परक्या भूमींत जाण्यास व तेथें लोकांना ख्रिस्ताची शिकवण देण्यास सांगितलें. ब्रेंडन ह्यांनीं पुन्हां समुद्र ओलांडला आणि ब्रिटन देशांत गेले. पहिल्या प्रवासांत ते पुण्यभूमि शोधीत होते. ह्या प्रवासांत ते क्षमा शोधीत होते.

धर्मगुरु, आईबाप, शिक्षक आणि तांडेल ह्या सर्वांच्या शब्दाला वजन असतें. म्हणूनच तो शब्द कठोर झाला तर खालच्या माणसाला बुडवूं शकतो. माझ्यासारख्या मेंढपाळानें तर ही कथा दर वर्षीं एकदां वाचावी.

क्लॉनफर्टचा मठ आणि अखेरचे दिवस

ब्रेंडन परत आले, ते नम्र होऊन. इ. स. ५५८ च्या सुमारास त्यांनीं शॅनन नदीजवळ क्लॉनफर्ट येथें मठ स्थापिला. हेंच त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें कार्य होय. ह्या मठांत विद्या व प्रार्थना शतकानुशतकें नांदली; तेथील मंदिराचा बाराव्या शतकांतील कोरीव दरवाजा आजहि पाहणाऱ्याला थक्क करितो.

म्हातारपणींहि समुद्र सुटला नाहीं. संत कोलुंबा स्कॉटलंडच्या बेटांत राहत असतां, ब्रेंडन व आणखी तीन मठसंस्थापक त्यांच्या भेटीस हिंबा नांवाच्या बेटावर गेले होते. संत कोलुंबा ह्यांच्या मागून सुमारें शंभर वर्षांनीं त्यांचें चरित्र लिहिणाऱ्या मठाधिपति अदॉम्नान ह्यांनीं ही भेट नमूद केली आहे. त्या दिवशीं कोलुंबा मिस्सा अर्पण करीत असतां त्यांच्या मस्तकावर अग्नीचा तेजोमय गोळा ब्रेंडन ह्यांना दिसला, असें ते लिहितात. दुसऱ्याच्या मस्तकावरील तेज ज्याला दिसतें, त्याचा अहंकार गळालेला असतो.

इ. स. ५७७ च्या सुमारास, अॅनाडाउन येथें आपली बहीण ब्रिगा हिच्या मठांत ब्रेंडन ह्यांना देवाज्ञा झाली. ते अतिशय वृद्ध झाले होते. परंपरा सांगते कीं, अखेरच्या घटकेस ते भ्याले. बहिणीनें कारण विचारलें. मला एकट्यालाच जावयाचें आहे, वाट अंधारी आहे, देश अनोळखी आहे, आणि पुढें राजाचें सान्निध्य व न्यायाधीशाचा निवाडा आहे, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. ज्यानें महासागराला पाठ दाखविली नाहीं, तो ह्या शेवटल्या समुद्रापुढें लेंकरासारखा थरथरला. त्याला कदाचित् तो बुडालेला मुलगा आठवला असेल. परंतु भीति बाळगूनहि त्यांनीं शीड उतरविलें नाहीं. त्यांनीं आपला आत्मा देवाच्या हातीं सोंपविला. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचा देह क्लॉनफर्टला नेऊन पुरण्यांत आला.

समारोप

प्रिय बंधुभगिनींनो, संत ब्रेंडन ह्यांचें मोठेपण देवमाशाच्या पाठीवर शोधूं नये. होडी फसली तेव्हां त्यांनीं समुद्राला दोष दिला नाहीं. बोल ऐकून घेतला आणि पुन्हां बांधणी केली. शब्द चुकला तेव्हां त्यांनीं आपल्या कीर्तीआड लपण्याचा यत्न केला नाहीं; प्रायश्चित्त पत्करलें आणि पुन्हां सेवेस लागले. धर्मग्राम हीहि एक होडीच आहे. आपल्या पूर्वजांनीं ती बांधली. कित्येकदां तिला भोंकें पडलीं. कित्येकदां आपल्याच भांडणांनीं आणि कठोर शब्दांनीं तीं पडलीं. ज्युबिलीचें वर्ष हें केवळ पताका लावण्याचें वर्ष नव्हे. होडी कांठावर ओढून तिचे जोड तपासण्याचें, जेथें शिवण उसवली असेल तेथें ठिगळ लावण्याचें, आणि ज्याला आपण शब्दानें दुखविलें असेल त्याच्या दारीं जाण्याचें हें वर्ष आहे.

आपल्या धर्मग्रामांतील जे दर्यावर गेले आणि परत आले नाहींत, त्यांना परमेश्वर चिरशांति देवो. जे आज दर्यावर आहेत, त्यांना तो सुखरूप घरीं आणो. आणि आपण सर्वांना, संत ब्रेंडन ह्यांच्या विनवणीनें व सागरतारका पवित्र मरियेच्या कृपाछत्राखालीं, तो शेवटच्या बंदरास पोंचवो. आमेन.